डब्यावर ६.२५ टीबी, पण टेप २.५ लाच संपते: पूर्ण बॅकअप एका टेपवर कसा बसवावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका प्रकाशन-छपाई संस्थेचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. एकच एलटीओ-६ ड्राइव्ह (संगणकाचा डेटा टेपवर लिहिणारे यंत्र, सहावी पिढी) आहे, आपोआप टेप बदलणारी लायब्ररी नाही. दर शनिवारी रात्री पूर्ण बॅकअप लागतो. टेपच्या डब्यावर ‘२.५ / ६.२५ टीबी’ असे छापलेले आहे आणि आमचा सगळा डेटा ३.४ टीबी आहे, म्हणजे हिशेबाने एका टेपवर आरामात मावायला हवा. प्रत्यक्षात मध्यरात्रीनंतर कधीतरी टेप संपते आणि सॉफ्टवेअर दुसरी टेप मागत थांबून राहते. रविवारी ऑफिस बंद असते. सोमवारी सकाळी येऊन टेप बदलावी, तर तोवर अकाउंट्सवाले आणि डीटीपीवाले कामाला लागलेले असतात, सर्व्हर जड होतो आणि बॅकअप दुपारी कधीतरी पुरा होतो.

डेटा ढोबळमानाने असा आहे:
फोटो, जेपेग आणि छपाईला तयार पीडीएफ १.५ टीबी. जुन्या पुस्तकांची आणि हस्तलिखितांची स्कॅन केलेली पाने, टिफमध्ये, ०.९ टीबी. व्हर्च्युअल मशीनच्या फाइली ०.५ टीबी. डेटाबेस, मेल आणि मजकूर मिळून ०.५ टीबी.

लायब्ररी घ्यायला बजेट नाही. कॉम्प्रेशन नीट वापरले तर हे एका टेपवर बसेल का? टारला (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्रॅम) जीझिप (तो गठ्ठा आकसवणारा) जोडून पाहावे असे डोक्यात आहे.

सह्यकडा

आजच्या काळात टेप कशाला? सरळ क्लाउडवर टाका. टेप बदलायची कटकटच नको.

बिनतारी

सह्यकडा, १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ३.४ टीबी वर चढवायला ७५ तासांहून जास्त लागतात. शनिवारी रात्री सुरू केले तर बुधवार उजाडेल. आणि रिस्टोअरची वेळ आली की तेवढाच वेळ परत खाली उतरवायला. दुसरे म्हणजे, कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत रॅन्समवेअर पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतली मेल नाहीशी झाली, तेव्हा गूगलनेही ती टेपवरूनच परत आणली होती. क्लाउडची जोड जरूर द्यावी, पण इथला प्रश्न वेगळा आहे.

कृष्णाकाठ, आधी एकच गोष्ट सांगा. टेप संपते तेव्हा सॉफ्टवेअर त्या टेपवर किती डेटा लिहिला म्हणून दाखवते? अंदाजे नको, लॉगमधला आकडा द्या. आणि मागच्या दोन-तीन टेपांचाही द्या.

कृष्णाकाठ

लॉग काढून बघितले. प्रत्येक वेळी २.२७ किंवा २.२८. एकूण डेटा तिथे ३.१ दिसतो, मी वर दिलेला ३.४ नाही. हा फरक का, तेही कळत नाही.

बिनतारी

फरक मोजणीतला आहे. टेप बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, तुमचे सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत. म्हणून ३.४ चे ३.१ दिसतात. त्याच हिशेबाने टेपचे कोरे, म्हणजे काहीही न आकसवता मावणारे, २.५ टीबी तिथे २.२७ दिसतात.

आणि खरी मेख इथेच आहे. तुमची टेप दर वेळी नेमकी २.२७ लाच संपते, म्हणजे ड्राइव्ह एक बाइटही आकसवत नाही. ३.४ पैकी एक टीबी डेटाबेस, मेल आणि व्हर्च्युअल मशीन असताना हे शक्यच नाही. फोटो-पीडीएफ अजिबात आकसले नाहीत तरी बाकीच्यामुळे आकडा वर सरकायलाच हवा, आणि दर आठवड्याला थोडा इकडेतिकडे व्हायला हवा. तो एकाच जागी अडतो, याची कारणे दोनच. एक तर ड्राइव्हचे कॉम्प्रेशन बंद आहे, नाहीतर ड्राइव्हकडे येणारा डेटा आधीच असा झालेला आहे की त्यात आकसण्यासारखे काही उरलेले नाही.

लिनक्सवरच्या ‘एमटी’ या टेपच्या कमांडने ड्राइव्हचे कॉम्प्रेशन चालू आहे का ते पाहा. एलटीओमध्ये ते मुळात चालूच असते, पण खात्री करा. मग बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा करणे) लावले आहे का ते बघा.

जुना_ऑपरेटर

डब्यावरच्या दुसऱ्या, म्हणजे कॉम्प्रेशन धरून छापलेल्या मोठ्या, आकड्याचा हा घोळ फार जुना आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

नव्वदच्या दशकात फ्लॉपीच्या केबलवर चालणारी क्यूआयसी-८० टेप ‘२५० एमबी’ म्हणून विकली जायची, खरी क्षमता १२० च्या आसपास. नंतर डॅट आली, तिच्या पिढ्यांना डीडीएस म्हणायचे. डीडीएस-३ ची टेप १२ जीबीची, डब्यावर ठळक अक्षरात २४. डीडीएस-४ वीसची, डब्यावर चाळीस. एलटीओची पहिली पिढी २००० साली आली तीही १०० जीबीची, डब्यावर २००. तेव्हा निदान दुप्पट धरायचे. एलटीओ-६ पासून अडीच पट धरायला लागले, म्हणून तुमच्या डब्यावर सव्वासहा टीबी आले. सातव्या पिढीवर ६ चे १५, आठव्यावर १२ चे ३०, नवव्यावर १८ चे ४५ लिहितात. ती पट कंपनीने नमुन्याच्या डेटावरून धरलेली असते. तुमच्या सर्व्हरवर काय आहे ते त्यांना कुठून माहीत?

मी सहकारी बँकांच्या शाखांमध्ये युनिक्सची मशीन सांभाळायचो. तिथे डॅटवर खरोखरच दुप्पट-तिप्पट मावायचे, कारण सगळे खातेउतारे आणि लेजर, म्हणजे रिकाम्या जागा नि शून्यांनी भरलेले रेकॉर्ड. मात्र ३१ मार्चच्या क्लोजिंगला कोणी ‘जागा वाचावी’ म्हणून आधी सगळे झिप करून टेपवर टाकले की टेप पुरायची नाही. जुनी ड्राइव्ह आधीच कॉम्प्रेस झालेला डेटा पुन्हा दाबायला जायची आणि तो उलट फुगायचा.

तेव्हा टारला जीझिप जोडण्याआधी थांबा. त्यातले धोके पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, जेवण झाले की.

कृष्णाकाठ

बिनतारी, तुम्ही म्हणालात तेच निघाले. ड्राइव्हचे कॉम्प्रेशन चालू आहे, पण बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शनला टिक होती. ज्या व्हेंडरने सर्व्हर बसवला त्याने ती ‘सुरक्षेसाठी’ लावून दिली होती. हँडओव्हरच्या कागदात याचा उल्लेख नाही. किल्ली कुठे आहे तेही आम्हाला सांगितलेले नाही. जागेच्या प्रश्नापेक्षा आता त्याचीच जास्त काळजी वाटते आहे.

बिनतारी

काळजी रास्त आहे. आजच्या आज ती किल्ली शोधा. सर्व्हर जळाला आणि किल्ली त्याच सर्व्हरवर असेल तर कपाटातल्या सगळ्या टेपा निकामी. किल्लीची एक प्रत कागदावर छापून संस्थेच्या तिजोरीत ठेवा, एक दुसऱ्या इमारतीत.

आता हे का घडते ते सांगतो. कॉम्प्रेशन म्हणजे डेटात पुन्हापुन्हा येणारे तुकडे शोधून त्यांच्या जागी ‘अमुक इतके मागे जा, तिथून तमुक इतके घे’ एवढीच खूण लिहिणे. लेंपेल आणि झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही रीत, जीझिपपासून टेप ड्राइव्हपर्यंत सगळीकडे तिचीच घराणी आहेत. चांगल्या एन्क्रिप्शनचे काम याच्या नेमके उलट: कुठेही पुनरावृत्ती दिसता कामा नये. म्हणून आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, हा क्रम उलटला की कॉम्प्रेशन संपले. डेटाबेस स्वतःच एन्क्रिप्टेड ठेवला असेल तर त्याच्या फाइलीही टेपवर आकसत नाहीत.

तुमच्या ड्राइव्हमध्ये यावर तोडगा बसवलेलाच आहे. एलटीओ-४ पासून ड्राइव्हच्या आत एईएस-२५६ एन्क्रिप्शन असते आणि ते कॉम्प्रेशननंतर होते. सॉफ्टवेअरमधली टिक काढा आणि किल्ली ड्राइव्हला द्या. तुमच्या सॉफ्टवेअरला ते जमत नसेल तर लिनक्सवर ‘स्टेन्क’ नावाचे छोटे साधन त्यासाठीच आहे. वेगही कमी होत नाही.

जुना_ऑपरेटर

आता टार आणि जीझिपबद्दल.

पहिली अडचण: जीएनयू टारमध्ये ‘एका टेपवरून दुसऱ्या टेपवर’ आणि ‘कॉम्प्रेस कर’ हे दोन्ही पर्याय एकत्र चालत नाहीत. ते सरळ नकार देते. म्हणजे टेप पुरली नाही तर अर्ध्या वाटेवर अडकलात.

दुसरी, आणि ही मला जास्त गंभीर वाटते. संपूर्ण टार एका सलग प्रवाहात जीझिप केले आणि मध्ये एका जागी टेप खराब निघाली, तर त्यापुढचे सगळे वाचणे महामुश्कील होते. साध्या टारमध्ये एक फाइल जाते, पुढची सापडते. यावर ‘एफिओ’ नावाचा जुना उपाय आहे, तो प्रत्येक फाइल वेगळी कॉम्प्रेस करून संग्रहात टाकतो. बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअरही फाइलीगणिकच कॉम्प्रेस करते. एक फाइल बिघडली तर तेवढीच जाते. बीझिप२ निदान ९०० केबीच्या तुकड्यांत काम करते, त्यामुळे उरलेले तुकडे वाचवता येतात. ड्राइव्हच्या आतले कॉम्प्रेशन मात्र वापरणाऱ्याला दिसतच नाही, आणि माझ्या मते पूर्ण बॅकअपसाठी तेच बरे.

तिसरी अडचण वेगाची, पण ती बिनतारींनी सांगावी.

उत्तरायण

मी सांगतो. जर्मनीत एका डेटा सेंटरमध्ये टेपच्याच कामावर आहे.

एलटीओ-६ ला कॉम्प्रेस झालेला डेटा सेकंदाला १६० एमबी लागतो. त्या वेगाने अख्खी टेप भरायला सव्वाचार तासांवर थोडा वेळ जातो. टेप ८४६ मीटरची, तिच्यावर २१७६ ट्रॅक, आणि हेड एका वेळी सोळाच लिहिते, म्हणजे टेप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे १३६ वेळा धावते. ती सतत धावत राहिली पाहिजे. प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालणारे जीझिप एवढा डेटा देऊ शकत नाही. ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत उतरवते, पण डेटा त्याहूनही हळू आला की तिला थांबावे लागते, टेप मागे घ्यावी लागते, पुन्हा वेग पकडून लिहावे लागते. ड्राइव्हजवळ उभे राहिलात तर हे पुढेमागे सरकणे कानाला कळते: सलग घुमण्याऐवजी ‘घर्र, थांब, घर्र’. त्यात वेळ जातो, आणि हेड नि टेप दोन्ही झिजतात.

उलट बाजूही लक्षात घ्या. ड्राइव्ह स्वतः निम्म्यावर आणत असेल तर तिला १६० लिहायला सर्व्हरकडून ३२० यायला हवेत. साध्या डिस्कवरच्या लाखभर छोट्या फाइलींतून तेवढे येत नाही. म्हणून आधी बॅकअप एका एसएसडीवर जमा करून तिथून मोठ्या सलग तुकड्यांनी टेपवर उतरवायचा. अमांडा आणि बॅक्युला या दोन्ही बॅकअप सॉफ्टवेअरांत ही सोय आहे.

सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन करायचेच असेल तर जीझिपऐवजी झेडस्टँडर्ड वापरा, सगळ्या गाभ्यांवर चालवा. आमच्याकडे व्हर्च्युअल मशीनसाठी तेच वापरतो. जीझिप मागे ३२ केबीपर्यंतच बघते, त्यामुळे एकाच फाइलीत लांबवर पुन्हा आलेले तुकडे तिला दिसत नाहीत. झेडस्टँडर्ड खूप मागे बघू शकते.

इंद्रायणी

धागा वाचतेय, उपयुक्त आहे. मजकुराबद्दल एक भर घालते, कारण मी मराठी मजकुराच्या मोठ्या संग्रहांवर काम करते.

आपल्याकडे ‘युनिकोडमुळे फाइली तिप्पट झाल्या, बॅकअप मावत नाही’ ही तक्रार प्रकाशनांकडून हमखास ऐकू येते. तक्रार खोटी नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या रीतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, जुन्या फॉन्टमध्ये एक-एक बाइटात भागायचे. पण ते तीन बाइट बघा: पहिला कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. खरा फरक फक्त तिसऱ्यात. म्हणजे तीनपैकी दोन बाइट जवळजवळ पाठ झालेले आहेत, आणि कॉम्प्रेशनला असेच हवे असते. त्यात ‘आहे’, ‘आणि’, ‘त्यांच्या’, ‘करण्यात’ हे पानोपानी. त्यामुळे डिस्कवर तिप्पट दिसणारा मराठी मजकूर कॉम्प्रेस झाल्यावर जुन्या फॉन्टमधल्या मजकुराच्या बराच जवळ येतो. टेपवर जागा वाचवायची म्हणून कोणी जुन्या फॉन्टमध्ये संग्रह ठेवत असेल तर कृपा करून ठेवू नका. जागा फारशी वाचत नाही, आणि तो फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

कृष्णाकाठ

इंद्रायणीताई, हे आमच्या संपादकांना दाखवतो, त्यांचा अगदी हाच आक्षेप होता.

अपडेट देतो. किल्ली मिळाली, सर्व्हरवरच एका फोल्डरात होती. आता कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवली आहे. सॉफ्टवेअरमधले एन्क्रिप्शन काढून ड्राइव्हचे लावले. शनिवारचा बॅकअप पहिल्यांदाच २.२७ च्या पुढे गेला! तरीही टेप संपली तेव्हा शेवटचे सुमारे ३०० जीबी उरलेच. म्हणजे सगळ्याला मिळून २.७५ टीबी टेप लागते. थोडक्यात हुकले.

बिनतारी

छान झाले. उरलेले ३०० जीबी कॉम्प्रेशनची सेटिंग बदलून निघणार नाहीत, डेटाकडे बघूनच निघतील. जुना_ऑपरेटर काका, तुमची ती चाचणीची पद्धत सांगा ना यांना.

जुना_ऑपरेटर

पद्धत सोपी आहे. प्रत्येक मोठ्या फोल्डरमधून मूठभर फाइली घ्या, जीझिपच्या सगळ्यात हलक्या पातळीवर चालवा, निकाल कुठेही साठवू नका, फक्त आत किती गेले नि बाहेर किती आले ते मोजा. ड्राइव्हचा निकाल साधारण याच्या आसपास येतो, म्हणजे ती याहून किंचित कमीच आकसवते. फोल्डर आणि त्यापुढे आकडा, असा तक्ता करा. टेपची खरी क्षमता तुमच्यासाठी किती, ते त्या तक्त्यावर कळते.

जेपेग, पीडीएफ, व्हिडिओ, झिप यांच्यापुढे एकास एक येईल. ते एकदा पिळून झालेले आहेत, चिपाडातून दुसऱ्यांदा रस निघत नाही. तिथे वेळ घालवू नका.

कृष्णाकाठ

तक्ता केला. फोटो-पीडीएफ १.५ चे १.५ च. व्हर्च्युअल मशीन निम्म्यावर. डेटाबेस, मेल, मजकूर ०.५ चे ०.२. नवल टिफचे वाटले. मी समजत होतो की कॉम्प्रेस न केलेली टिफ खूप आकसेल, पण ०.९ चे जेमतेम ०.८ झाले. पाने करड्या छटांमध्ये स्कॅन केलेली आहेत, काळी-पांढरी नाहीत.

बिनतारी

नवल नाही. पान डोळ्यांना पांढरे दिसते, पण स्कॅनरला तो कागद दिसतो, आणि जुना कागद कुठेच एकसारखा नसतो. शेजारशेजारचे बिंदू २३१, २३३, २३०, २३२ असे येतात. जवळपास सारखे, पण तंतोतंत सारखे नाहीत. ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनला तंतोतंत जुळणारे तुकडेच लागतात. शिवाय तिची रीत साधी आहे: न जुळलेल्या प्रत्येक बाइटला एक जादा बिट लावते, म्हणजे आठाचे नऊ. (डेटा फुगतोय असे दिसले की एलटीओ तो तुकडा जसाच्या तसा लिहिते. म्हणून काकांच्या डॅटसारखे यात फुगत नाही.) मागे बघायची खिडकीही लहान: एलटीओ-५ पर्यंत अवघी एक केबी, सहाव्या पिढीत ती वाढवली.

तुम्ही हीच टिफ ‘डिफ्लेट’ (जीझिपचीच कॉम्प्रेशनची रीत) आणि ‘प्रेडिक्टर’ लावून साठवा. प्रेडिक्टर बिंदूची किंमत न लिहिता आधीच्या बिंदूपासूनचा फरक लिहितो: +२, −३, +२. मोठे आकडे गेले, छोटेच उरले, आणि तेच तेच छोटे आकडे डिफ्लेटला कमी बिटांत लिहिता येतात. चित्राचा एक बिंदूही बदलत नाही. जी पाने खरोखर काळी-पांढरी चालतील, म्हणजे साधा छापील मजकूर, त्यांना ‘ग्रुप ४’ हे काळ्या-पांढऱ्या चित्रांचे कॉम्प्रेशन वापरा, फाइल कितीतरी पट लहान होते. हस्तलिखितांना मात्र हात लावू नका, ती करड्यातच राहू द्या. शाईचा फिकटपणा आणि खाडाखोड यांतून पुढच्या अभ्यासकाला काय मिळेल ते आज आपण ठरवू नये.

इंद्रायणी

हस्तलिखितांबद्दल शंभर टक्के सहमत. जागेसाठी त्यांचे जेपेग करायचा विचारही कोणी करू नये.

उत्तरायण

आणखी एक. ज्या पुस्तकांचे स्कॅनिंग पुरे होऊन तपासून झाले आहे, त्या फाइली वर्षानुवर्षे बदलणार नाहीत. त्या दर शनिवारी का लिहायच्या? वेगळ्या दोन टेपांवर एकसारख्या प्रती करा, चेकसमची (फाइल बदलली का ते ओळखायच्या आकड्यांची) यादी सोबत ठेवा, एक टेप संस्थेत आणि एक बाहेर. साप्ताहिक बॅकअपमध्ये फक्त चालू काम. मात्र त्या दोन टेपा वर्षातून एकदा तरी पूर्ण वाचून यादीशी ताडून पाहा.

कृष्णाकाठ

सगळे केले, थोडा वेळ लागला. टिफचे रूपांतर केल्यावर ०.९ चे ०.५५ झाले. प्रत्येक फाइल उलगडून मूळ बिंदूंशी ताडून मगच जुनी काढली. पुऱ्या झालेल्या पुस्तकांची टेपजोडी तयार आहे, त्यामुळे साप्ताहिक बॅकअपमध्ये ०.२ टीबीच स्कॅन उरले. आता एका टेपवर २.१५ टीबी जातात. बॅकअप रविवारी पहाटे संपतो आणि सोमवारी मी फक्त टेप काढून तिजोरीत ठेवतो.

रिस्टोअरही करून पाहिला: रिकाम्या मशीनवर, कागदावरची किल्ली हाताने टाइप करून. डेटाबेस उभा राहिला, मेल आली, एका हस्तलिखिताची पाने उघडून बघितली. सर्वांचे मनापासून आभार.

शेवटची शंका. फोटो-पीडीएफ वाढतच राहणार आणि ते आकसत नाहीत. उरलेले साडेतीनशे जीबी संपतील तेव्हा कोणती ड्राइव्ह घ्यावी? एक जण सेकंडहँड एलटीओ-८ स्वस्तात देतो म्हणतो.

उत्तरायण

एलटीओ-८ तुमच्या आत्ताच्या टेपा वाचणार नाही. ती सातवी आणि आठवी पिढी एवढ्याच वाचते. एलटीओ-७ सहाव्या पिढीवर वाचते आणि लिहिते, पाचवीही वाचते, आणि तिची टेप कोरी ६ टीबीची आहे. एलटीओ-७ बघा. आठवी घ्यायचीच झाली तर ही सहावी ड्राइव्ह विकू नका, पुस्तकांची टेपजोडी तीवरच वाचता येईल.

जुना_ऑपरेटर

आणि विकत घेण्याआधी तुमचीच एक भरलेली टेप त्यात घालून, किल्ली देऊन, शेवटपर्यंत वाचून दाखवायला सांगा. नुसता दिवा लागला म्हणून पैसे देऊ नका.